शास्त्री नदीची वाट



गेल्या खेपेला आपण परसबागेविषयी बोललो. आज नदीविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, नदीत सांगण्यासारखं काय आहे? धुणी धुतो, गुरं पाजतो, पावसात साकव बुडाला की पोरांची शाळा बुडते, तीच ना नदी? हो, तीच. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातली शास्त्री नदी जरा वेगळी आहे. सह्याद्रीच्या कड्यापासून जयगडच्या समुद्रापर्यंत तिच्या मुख्य प्रवाहावर मोठं धरण नाही. महाराष्ट्रात अशा नद्या आता फार थोड्या उरल्या आहेत. आणि धरण नाही म्हणून तिच्यात जे घडतं, त्याचा संबंध थेट आपल्या टोपलीशी आणि रात्रीच्या कालवणाशी आहे. तो कसा, हे समजावं म्हणून आम्ही काही जणी नदीच्या काठाकाठानं फिरलो. कुठं चालत, कुठं एसटीनं, खाली खाडीत होडीनं.

सुरुवात वरून करू. प्रचितगडाच्या बाजूला सह्याद्रीचा कडा उभा तुटलेला आहे. त्याच्या अंगावरून पावसाळ्यात पांढरे धबधबे कोसळतात. हे पाणी गोळा होत शृंगारपुरापाशी खाली येतं. शृंगारपूर म्हणजे महाराणी येसूबाईंचं माहेर. तिथून नदी कसब्याला येते. कर्णेश्वराचं जुनं दगडी देऊळ आणि नद्यांचा संगम तिथेच आहे. पुढे संगमेश्वरला तिला सोनवी मिळते. १६८९ साली संभाजी महाराज इथेच पकडले गेले, हे आपण शाळेत शिकलो. मार्लेश्वराच्या धबधब्याकडून निघालेली बाव नदी आणि माखजनवरून येणारी गड नदी या दोघीही पुढे खाडीच्या भागात शास्त्रीला येऊन मिळतात. गड नदीवर मात्र धरण झालेलं आहे, तेव्हा सगळं खोरं मोकळं आहे असं आम्ही म्हणणार नाही. शेवटी जयगडच्या किल्ल्याखाली नदी समुद्राला मिळते. समोरच्या काठावर गुहागर तालुक्यातलं तवसाळ. कड्यापासून समुद्रापर्यंतचा हा सगळा प्रवास शंभर किलोमीटरचाही नाही. गोदावरी-कृष्णेच्या मानानं ही नदी म्हणजे एवढीशी पोर. पण उतार खडा आणि पाऊस दांडगा, म्हणून पोर भलती चपळ आहे. वर रात्री पाऊस झाला की सकाळी संगमेश्वरच्या बाजारपेठेत लोकांची धावपळ सुरू होते.

शास्त्रीचं वेगळेपण समजायला शेजारच्या वाशिष्ठीकडे बघा. कोयना धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून खाली येतं, त्यावर वीज तयार होते आणि वापरलेलं पाणी वाशिष्ठीत सोडलं जातं. त्यामुळे ऐन मे महिन्यातही वाशिष्ठीला पाणी असतं. पण ते विजेच्या मागणीप्रमाणे चढतं आणि उतरतं. शास्त्रीचं पाणी आभाळाप्रमाणे चढतं-उतरतं. जून ते सप्टेंबर ती दुथडी, दिवाळीनंतर बारीक होत जाते आणि फाल्गुन-चैत्रात वरच्या भागात नुसत्या कोंडी उरतात. कोंड म्हणजे नदीतला खोल डोह, हे कोकणातल्या बाईला सांगायला नको. देशावरच्या मैत्रिणी ऐकत असतील म्हणून सांगितलं.

आता माशांकडे येऊ.

मिरगाचा पहिला जोरदार पाऊस पडतो, वहाळ गढूळ होऊन धावायला लागतात आणि त्या रात्री मासे उलटे निघतात. पाणी खाली येत असतं, मासे वर जात असतात. यालाच आपण चढण म्हणतो, आणि हे मासे ते चढणीचे मासे. मळे, शिंगटी, डाकू असे किती तरी मासे पोटात अंडी घेऊन नदीतून वहाळात, वहाळातून परऱ्यात आणि परऱ्यातून थेट भाताच्या खाचरात शिरतात. का? तर नदीच्या लोंढ्यात अंडी टिकत नाहीत. खाचरातलं पाणी उथळ, जरा कोमट आणि संथ असतं. तिथे किडामुंगी भरपूर, मोठा मासा गिळायला येत नाही. म्हणजे आपली बाई जशी बाळंतपणाला माहेरी जाते, तसाच हा प्रकार. पिल्लं थोडी मोठी झाली की पाण्याबरोबर पुन्हा खाली नदीत उतरतात.

या माहेरच्या वाटेवर एक भिंत घातली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. मासा भिंतीशी येतो, उड्या मारतो, थकतो आणि अंडी तिथेच लोंढ्यात टाकतो. भिंत मोठ्या धरणाचीच पाहिजे असं नाही, कमरेएवढी असली तरी पुरते.

दुसरी गोष्ट अहीर माशाची. कुठं याला वांब म्हणतात. सापासारखा लांब, बुळबुळीत, कोंडीच्या कपारीत राहणारा. कितीतरी बायका त्याला हात लावत नाहीत, साप म्हणून घाबरतात, पण आहे तो मासाच. आणि त्याची गोष्ट चढणीच्या माशांच्या अगदी उलट आहे. तो जन्मतो खोल समुद्रात. बोटाएवढं, काचेसारखं आरपार दिसणारं त्याचं पिल्लू खाडीच्या तोंडाशी येतं आणि नदीतून वर वर चढत राहतं. ओल्या कातळावरूनसुद्धा ते सरपटत जातं. मग वर्षानुवर्षं डोंगराखालच्या कोंडीत राहून मोठं होतं. पूर्ण वाढ झाली की एका पावसाळ्यात पुराबरोबर खाली उतरतं, समुद्रात जातं, आयुष्यात एकदाच अंडी घालतं आणि तिथेच मरतं. म्हणजे वरच्या गावातल्या कोंडीत अहीर सापडला, तर समजायचं की तिथपासून समुद्रापर्यंतची वाट त्याला मोकळी मिळाली होती. आमच्या मते नदीची तपासणी करायला याच्याइतकं सोपं यंत्र नाही.

गोड्या पाण्यातली मोठी कोळंबीही अशीच. ती राहते नदीत, पण पिल्लांना पहिले काही आठवडे मचूळ पाणी लागतं. म्हणून मादी पोटाला अंडी चिकटवून खाडीपर्यंत खाली येते आणि पिल्लं बळ आल्यावर पुन्हा वर चढतात. खाडीत मिळणारा जिताडा मोठा होतो मचूळ आणि गोड्या पाण्यात, पण अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे जातो. कोण वर जातं, कोण खाली येतं, पण रस्ता एकच.

म्हणून आता एक जरा अवघड विषय काढतो. बंधाऱ्यांचा.

कोकणात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये आपण डोक्यावर हंडे घेऊन उभ्या असतो. त्यामुळे पाणी अडवू नका असं आम्ही कोणत्या तोंडानं सांगणार? पावसाळा संपला की गटागटांतून आपण सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घालतो. ते चांगलंच काम आहे. विहिरींना पाणी राहतं, गुरांची सोय होते आणि पहिल्या पुरात तो बंधारा आपोआप वाहून जातो. माशाची वाट त्यानं अडत नाही. अडचण होते पक्क्या बंधाऱ्यांची. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात फळ्या किंवा लोखंडी बर्गे घालतात. ते पावसाळा संपताना घालायचे आणि मिरगाच्या आधी काढायचे, अशी पद्धत आहे. पण ते काढायचं काम कोणाचं, यावर वर्ष निघून जातं. ग्रामपंचायत म्हणते खात्याचं, खातं म्हणतं ग्रामपंचायतीचं. जूनचा पहिला पूर येतो तेव्हा बर्गे जागच्या जागी असतात. मग पाणी काठ फोडून शेतात शिरतं आणि मासा भिंतीखाली अडकतो. तिथे पाग घेऊन चारजण उभेच असतात. टोपल्या भरतात खऱ्या, पण त्या टोपल्यांत पुढच्या तीन वर्षांचे मासे असतात.

एका वाडीत आम्हाला एका आजींनी विचारलं, “बाय, चढणीचं मासं खायाचं नाय तर मग पावसात खायाचं तरी काय?” प्रश्न खरा आहे. जूनमध्ये समुद्राची मासेमारी बंद असते, बाजारात मासळी नसते, लावणीच्या दिवसांत घरात भाजी नसते. चढणीचे मासे हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा सण आहे, तो बंद करा असं आम्ही म्हणत नाही. पण पहिल्या दोन-तीन रात्री वहाळाचं तोंड सबंध जाळ्यानं बंद करू नये, अर्धं मोकळं ठेवावं, एवढं तरी जमावं. उतरणीला, म्हणजे मासे अंडी घालून परत येतात तेव्हा, धरायला हरकत कमी. त्या आजींनी मान हलवली, पण पटलं असं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. खोटं कशाला सांगायचं.

कोंडींविषयी मात्र कोणाचं दुमत नव्हतं. उन्हाळ्यात नदी तुटली की उरलेले सगळे मासे कोंडीत जमा होतात. पुढच्या पावसाचं बियाणं तेच. म्हणून जुन्या लोकांनी काही कोंडी देवाच्या नावानं राखल्या. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले मोठाले महासीर देवीचे मासे म्हणून कोणी धरत नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि मासे काठाशी येऊन खातात. भक्तीनं असो वा भीतीनं, बियाणं राहिलं. आता काही ठिकाणी काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पूर्वी रामेठ्याची साल किंवा गेळाची फळं ठेचून टाकायचे, त्यानं मासे गुंगायचे. आज ब्लीचिंग पावडर ओततात, कुणी विजेची तार सोडतं, कुणी सुरुंगाची कांडी. पाच किलो माशांसाठी कोंडीतलं सगळं, अगदी बेडकाच्या पिल्लांपर्यंत, मरतं. त्याच कोंडीवर खालच्या वाडीची नळपाणी योजना असते! पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ पासून कायद्यानं गुन्हा आहे. हा नवा नियम नाही, आपल्या पणजीच्या वेळचा आहे.

कोंडीचा दुसरा मालक म्हणजे हूद. पुस्तकात त्याला पाणमांजर म्हणतात. भल्या सकाळी काठावरच्या कातळावर खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे असलेली विष्ठा दिसली, की हूद येऊन गेला समजावं. ते कळपानं राहतात, शिट्टीसारखा आवाज काढतात, आणि जाळ्यातला मासा पळवताना जाळं फाडून ठेवतात. त्यामुळे भोई आणि खारवी मंडळी त्यांच्यावर खूश नसतात, तेही आम्हाला समजतं. पण हूद तिथेच राहतो जिथे वर्षभर मासा आहे. हूद गेला म्हणून मासे वाढले, असं सांगणारं आम्हाला कुणी भेटलं नाही. मगरीचंही सांगून ठेवतो. आपल्याकडे मगरीला सर्रास सुसर म्हणतात, पण खरी सुसर लांब निमुळत्या तोंडाची, ती उत्तरेकडच्या नद्यांत. चिपळूणच्या वाशिष्ठीत दिसते ती मगर. संध्याकाळनंतर खोल पाण्याच्या काठावर वाकून भांडी घासू नये, पोरांना एकटं सोडू नये. एवढं पाळलं तर ती तिच्या वाटेनं आणि आपण आपल्या.

संगमेश्वरच्या खाली नदी खाडी होते. पूर्वी गलबतं थेट संगमेश्वरपर्यंत यायची. पुढे गाळ साचत गेला आणि मोठी गलबतं खाली फुणगूसलाच थांबू लागली. वरच्या डोंगरावरची झाडी तोडली की माती कुठे जाते, त्याचा हा जुना दाखला. पण सगळाच गाळ वाईट नसतो. नदी मोकळी असली की पुराबरोबर वाळू आणि माती थोडी थोडी खाली येत राहते. त्याच वाळूमिश्रित चिखलात मुळे आणि तिसऱ्या वाढतात, त्याच्या काठानं तिवर, चिपी आणि कांदळ रुजतात. धरण ही माती वरच अडवून ठेवतं.

आणि इथून पुढे नदी बायकांची होते. होडी आणि कांडाळ पुरुषांचं, पण सुकतीला उघड्या पडलेल्या चिखलात उतरून मुळे काढणं, कातळावरची कालवं फोडणं, हातानं कोळंबी चाचपणं हे सगळं बाईचं. तिला होडी लागत नाही, डिझेल लागत नाही. लागते ती वेळ. एका काकूंनी आम्हाला जुना हिशेब सांगितला, तो लिहूनच घ्या. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे साधारण तीन वाजता भरती पूर्ण होणार. त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या सुमारास पूर्ण सुकती. खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरायचा. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सुकती भर दुपारी बाराला. वेळ सोयीची, पण तेव्हा भांग असतो, पाणी फार उतरत नाही, हाती काही लागत नाही. पुनवेला आणि अवसेला उधाण. तेव्हा पाणी खूप आत जातं, लांबवरचा चिखल उघडा पडतो, पण ती सुकती नेमकी पहाटे नि संध्याकाळी. म्हणून या बायका पहाटे पाचला गुडघाभर चिखलात असतात आणि आठला घरी येऊन भाकऱ्या थापतात. “आमी घड्याळाकडं नाय बघत, चंद्राकडं बघतो,” काकू म्हणाल्या.

त्याच काकूंनी खाडीतली एक जागा दाखवली. तिथे त्यांच्या आईच्या वेळेपासून मुळे मिळायचे. आता कमरेइतकं पाणी. यंत्रानं वाळू उपसली आणि तळच गेला. हातपाटीनं वाळू काढणारा माणूस दम लागेल तेवढीच काढतो. पंप रात्रभर ओढत राहतो आणि वाळूबरोबर मुळ्यांचं बियाणंही ओढतो. खोल झालेल्या जागी सुकतीलाही पाणी राहतं, म्हणजे बाईला तिथे उतरताच येत नाही. शिवाय खारं पाणी आणखी आत शिरतं, काठच्या विहिरी मचूळ होतात. इथे एक फरक करायला हवा. २०२१ च्या जुलैमधल्या महापुरानंतर चिपळूणला वाशिष्ठीतला गाळ काढला गेला, ते पुरापासून वाचण्यासाठी. पुराचा गाळ काढणं वेगळं आणि विकण्यासाठी तळ पोखरणं वेगळं. वाळूचा विषय ग्रामसभेत येतो तेव्हा मुळे काढणाऱ्या बायकांची कुठे नोंदच नसते. त्या मच्छीमार सोसायटीच्या सभासद नसतात, त्यांच्याकडे होडीचा परवाना नसतो, त्यामुळे कागदावर कुणाचं काही नुकसान झालेलंच दिसत नाही. आम्हाला सगळ्यात खुपलेली गोष्ट ही. कोणत्या जागी किती जणी, कोणत्या महिन्यात, काय काढतात याची एक साधी वही गटानं ठेवली, तर महिलांच्या ग्रामसभेत ती पुढे ठेवता येते. ठराव लिहून मागायचा आणि त्याची नक्कल घ्यायची.

कांदळवनाचं थोडक्यात. तिवराच्या मुळांत कोळंबीची आणि जिताड्याची पिल्लं लपतात, चिंबोऱ्या बिळं करतात. लाकडासाठी किंवा भरावासाठी ते तोडायला मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ च्या निकालानं बंदी घातली आहे. २०१७ पासून कांदळवन संरक्षण आणि उपजीविकेची सरकारी योजना आहे. तिच्यातून गटांना कालवं आणि खेकडापालनासारखी कामं मिळतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गटाच्या बाया स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. आपल्या खाडीकाठच्या गटांनी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे चौकशी करायला हरकत नाही. मात्र योजना आली म्हणून सगळ्याजणी खेकड्यांच्या मागे लागू नका. पिल्लं कुठून मिळणार आणि माल कोण घेणार, हे आधी विचारा.

आता मिरगाला फार दिवस नाहीत. तुमच्या नदीवर, वहाळावर पक्का बंधारा असेल तर त्याचे बर्गे निघाले का, ते या आठवड्यात जाऊन बघा. नसतील निघाले तर ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि पोच घ्या. आणि पहिली चढण कोणत्या तारखेला लागली, कोणते मासे दिसले, अहीर दिसला का, हे आम्हाला पोस्टकार्डावर लिहून पाठवा. माशाचं नाव तुमच्या वाडीत जे म्हणतात तेच लिहा. श्रावणातल्या कार्यक्रमात आम्ही गावांच्या नावांसकट ती पत्रं वाचून दाखवू.